झाकणाची रिंग आणि मेहुण्याचा शब्द

आमच्या खानदेशात जावयाला जेवढा मान, तेवढीच मेहुण्याची फजिती. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण कुणी मोडलेलाही मी पाहिला नाही. जावई घरात आला की पाट, पाणी, पुरणपोळी. मेहुणा समोर दिसला की जावयाने त्याची टर उडवायची, त्याने हसत ऐकून घ्यायची आणि आजूबाजूच्या बायकांनी तोंडाला पदर लावायचा. मेहुणा खरं काही सांगायला लागला तरी ते थट्टेतच जमा. हा नियम मी वीस वर्षं इमानेइतबारे पाळला. बायको म्हणते, "दुसरं काही पाळलं नाहीत, एवढं मात्र चोख पाळलंत."

मी फिटर आहे. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये मशिनी दुरुस्त करतो. तोंडाने फटकळ, हाताने बरा, असं माझ्याबद्दल मिलमध्ये बोलतात, आणि दोन्ही खरं आहे. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच मिलमध्ये जेट मशीनवर ऑपरेटर आहे. त्याला गावाहून मीच आणला, कामाला मीच चिकटवला. जेट म्हणजे एक भलीमोठी लोखंडी टाकी. आत साडीचं कापड रंगाच्या पाण्यात गरगर फिरतं. ते पाणी चुलीवर उकळणाऱ्या पाण्याहूनही गरम असतं आणि दाबाखाली कोंडलेलं असतं. टाकीला समोरून गोल झाकण, झाकणाच्या कडेने जाड रबरी रिंग. घरातल्या कुकरचंच हे थोरलं भावंड समजा. रिंग धड तर सगळं धड. रिंग गेली तर झाकणासमोर जो उभा असेल तो गेला. आणि झाकणासमोर उभा असायचा आमचा मेहुणा.

त्या वर्षी त्याने झाकणाची तक्रार सुरू केली. पहिल्यांदा म्हणाला, "दाजी, झाकणमाईन वाफ सुटी ऱ्हायनी. एक डाव दखा ना." मी हातातल्या पान्यावरून नजर न काढता म्हणालो, "काय रे, कुकरनी शिटी वाजनी तरी भ्यास का तू?" शेजारच्या मशीनवरचे सगळे हसले. तोही हसला. नियमच तो.

दुसऱ्यांदा आला तो मनगट पुढे करून. चिंचोक्याएवढा लाल फोड. मी म्हणालो, "बायकोनं लाटणं फेकून मारलं वाटतं! नेम चांगला आहे हं तिचा." परत हशा. तसा मी अगदीच काही हरामखोर नाही. दुपारी जाऊन झाकण पाहिलं. रिंगखाली कोऱ्या कापडाची एक पट्टी सारली, बोल्ट आवळले, वाफ थांबली. पंधरा दिवसांनी पुन्हा सुटली, पुन्हा पट्टी. अशा चार पट्ट्या झाल्या. प्रत्येक पट्टीनंतर वाफ थांबायची आणि प्रत्येक वेळी माझी छाती अर्धा इंच फुगायची. नवी रिंग मागवायला मशीन थांबवावं लागतं, आणि मशीन थांबलं की मॅनेजर फिटरच्या डोक्यावर बसतो. त्यापेक्षा पट्टी बरी. आमच्या मिलमध्ये मराठी, गुजराती, बिहारी, ओडिया सगळे आहेत, भाषा सगळ्यांच्या वेगळ्या. पण एक शब्द सगळ्यांना येतो. चालशे. म्हणजे चालेल, भागेल, निघेल दिवस.

तिसऱ्यांदा त्याने शक्कल लढवली. तोंडी सांगून उपयोग नाही म्हटल्यावर झाकणाचा व्हिडिओ काढला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "दाजी, आता तरी बघा." त्या ग्रुपवर माझी सासुरवाडी, चुलत-मावस मिळून सगळा गोतावळा आहे. जावयाची अब्रू म्हणजे काय चीज असते! मी लगेच तीन हसरे चेहरे पाठवले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे असतात ना, ते. मग माझ्या चुलत सासऱ्यांनी पाच पाठवले. विषय संपला.

आता तुम्ही म्हणाल, यात अमेरिकेच्या अंतराळयानाचा काय संबंध? सांगतो. ते यान माझ्या आयुष्यात तीनदा आलंय.

पहिल्यांदा आलं तेव्हा मी चौथीत होतो. जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, आणि गुरुजींकडे रेडिओ. एके दिवशी प्रार्थना झाल्यावर गुरुजींनी सांगितलं की अमेरिकेतून आकाशात निघालेलं एक यान उडाल्यावर दीड मिनिटाच्या आत फुटलं. सात माणसं होती. आम्ही पोरं तेव्हा वहीच्या पानांची विमानं उडवण्यात गुंग. मला माणसांपेक्षा यान फुटल्याचंच जास्त कौतुक. पण एक प्रश्न मी विचारला, तो आठवतो. "गुरुजी, त्यांना आधी कळलं नाही का?" गुरुजी म्हणाले, "अरे वेड्या, कळलं असतं तर उडवलं असतं का?" मला पटलं. गुरुजी आणि तेही रेडिओवाले, न पटून सांगतो कुणाला?

दुसऱ्यांदा आलं तेव्हा मी सुरतेत नवा होतो. शनिवारची संध्याकाळ, पांडेसऱ्याच्या नाक्यावर चहाची टपरी, टपरीत छोटा टीव्ही. तसलंच दुसरं यान सोळा दिवस अंतराळात राहून घरी परतत होतं, उतरायला काही मिनिटं राहिली होती, आणि पडद्यावर निळ्या आकाशात पांढऱ्या रेघा दिसल्या. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. पुन्हा सात माणसं, त्यांतली एक आपल्या देशात जन्मलेली. चहा उतू गेला तरी टपरीवाल्याचं लक्ष नव्हतं. त्या वेळी सगळा देशच हळहळला होता. शेजारचा एक जण म्हणाला, "यांना आधी कळलं नसेल का हो?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "कळलं असतं तर उतरवलं असतं का?" गुरुजींची विद्या मी अशी पुढे चालवली.

तिसऱ्यांदा ते यान थेट माझ्या घरात आलं, भेस्तानच्या आमच्या दोन खोल्यांत. आणलं माझ्या मुलीने. ती नववीत. शाळेत विज्ञानावर भाषणं होती आणि तिने हाच विषय घेतला. मराठी बोलता बोलता तिच्या तोंडात गुजराती येतं, गुजराती बोलता बोलता हिंदी, पण भाषण मराठीत करायचं होतं, म्हणून घरात सरावावर सराव चालला होता. पोळ्या लाटताना आईला ऐकव, मी हातपाय धुतो तोवर मला ऐकव. मी म्हणालो, "त्यात भाषण काय करायचं? नशीब त्यांचं. कुणाला आधी कळणार?"

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पप्पा, दोन्ही वेळा आधी माहीत होतं."

"कुणाला?"

"जे हाताने काम करत होते त्यांना."

मग तिने सांगितलं. पहिल्या यानाला जी मोठी रॉकेटं होती, त्यांच्या जोडांत रबरी रिंगा होत्या. थंडीत रबर आखडतं, मग फट भरून निघत नाही. आदल्या रात्री ती रॉकेटं बनवणाऱ्या इंजिनियरांनी सांगितलं होतं की उद्या फार गारठा आहे, उडवू नका. आधीच्या काही उड्डाणांनंतर रिंगा करपलेल्याही सापडल्या होत्या. पण यानं सुखरूप परत आली होती ना! मग वरच्यांना वाटलं, चालतंय की. दुसऱ्या यानाच्या पंखावर उडतानाच फोमचा तुकडा आदळला होता. खालची माणसं म्हणत होती, पंखाचे फोटो मागवून बघू या. वरच्यांनी म्हटलं, गरज नाही, फोम आधीही पडायचाच.

मी जेवता जेवता ताटावरून उठायचाच बाकी राहिलो. रिंग! माझ्या धंद्यातली वस्तू! "अरे, ज्याने रिंग बसवली तोच म्हणतोय की रिंग टिकणार नाही, आणि हे गाढव यान उडवतात? याला काय म्हणायचं? खुर्चीवर बसलं की कान गळून पडतात का माणसाचे?" त्या आठवड्यात मी अमेरिकेच्या एकाही साहेबाला सोडलं नाही. मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, टपरीवर सांगितलं, केशकर्तनालयात दाढी अर्धी झालेली असताना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मेहुणाही रोज डबा खाताना माझ्या समोर बसून ऐकत होता. 

रविवारी दुपारी भाषणाचा पक्का सराव ठरला. मेहुणा मुद्दाम आला होता, भाचीवर त्याचा फार जीव. मुलीला एक प्रयोगही दाखवायचा होता: रबराचा तुकडा पकडीत दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवायचा, मग पकड काढायची. थंडीने आखडलेलं रबर लगेच मूळ आकारात येत नाही, आणि लोकांना कळतं की यान कसं फुटलं. मी मिलच्या स्टोअरमधून नव्याकोऱ्या रिंगचा एक तुकडा आणला होता. काय रुबाबात आणला होता! स्टीलच्या पातेल्यात बर्फ, सगळे गोल करून बसलेले, मुलगी गंभीर आवाजात म्हणाली, "आणि आता पाहा, थंडीत रबराचं काय होतं." पकड सोडली. तुकडा टुणकन उसळला तो थेट आमटीच्या भांड्यात.

आम्ही हसून हसून लोळलो. बायकोच्या डोळ्यांना पाणी. मुलगी मात्र रडकुंडीला आली. "पप्पा, तुमची रिंग नापास!"

"अगं, ही भारी रबराची आहे, हिला बर्फ काय करणार? असल्या रिंगा लावल्या असत्या त्यांनी तर यान आजही उडत असतं," मी मिशीला पीळ देत म्हणालो.

तेव्हा मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, नवी नको. म्हातारी रिंग आणा. आपल्या झाकणाची जुनी आणा, ती बर्फाशिवाय पण मोडून दाखवेल."

मी म्हणालो, "तुला स्वप्नातसुद्धा झाकणच दिसतं का रे?" आणि हसलो. पण या वेळी माझ्याबरोबर कुणी हसलं नाही. मुलगी मामाकडे बघत होती. बायकोने आमटीतला रबराचा तुकडा पळीने बाहेर काढला आणि म्हणाली, "आणा ना मग जुनी. पोरीचं काम होईल."

सोमवारी सकाळी मी मिलच्या मागच्या भंगारात त्या झाकणाची जुनी रिंग शोधायला लागलो. बेअरिंगं होती, पाइपाचे तुकडे होते, फुटक्या बादल्या होत्या. बाकीच्या दोन जेटच्या उतरवलेल्या रिंगा होत्या. या झाकणाची एकही नव्हती. अर्धा तास उकिरडा उकरावा तसा उकरला. मग स्टोअरवाल्याला विचारलं, "त्या जेटची रिंग आपण शेवटची कधी बदलली?"

"गेल्या दसऱ्याला ना?"

"गेल्या दसऱ्याला आपण टिळा लावला, भल्या माणसा. रिंग कुठे बदलली?"

"मग त्याच्या आदल्या दसऱ्याला."

"त्याही दसऱ्याला टिळाच लावला."

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या मशिनींची पूजा होते. आदल्या दिवशी घासूनपुसून लख्ख, मग हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ, पेढे. आणि मनात कुठेतरी असं बसलेलं असतं की पूजा झाली म्हणजे मशीनचं वर्षाचं सगळं झालं. त्या झाकणावर बोटाच्या पेराएवढा कुंकवाचा थर होता, वर्षावर वर्षं चढलेला. टिळे मोजले असते तर रिंगचं वय कळलं असतं.

भंगारात जुनी रिंग नव्हती, कारण जुनी रिंग अजून झाकणावरच होती.

मी तिथेच एका पालथ्या बादलीवर बसलो आणि फोन काढला. घरचा ग्रुप उघडून मागे मागे गेलो. वाढदिवस, लग्नपत्रिका, सुप्रभात, आणि मग तो व्हिडिओ. दोन महिन्यांपूर्वीचा. आवाज वाढवून पूर्ण पाहिला, तोही आयुष्यात पहिल्यांदाच. झाकणाच्या खालच्या कडेने वाफेची बारीक रेघ निघत होती. खाली, "दाजी, आता तरी बघा." आणि त्याखाली माझे तीन हसरे चेहरे. मला इतकी लाज वाटली की काय सांगू! आठवडाभर ज्यांना गाढव म्हणत होतो, त्यांच्या पंगतीत माझंही पान मांडलेलं होतं, आणि तेही मधोमध.

धावत मशीनवर गेलो. झाकण उघडं होतं आणि मेहुणा नवा माल भरायच्या तयारीत होता. म्हणालो, "थांब. काही भरू नको." रिंगवर अंगठा दाबला. नख रुतेना. जरा वाकवली तर उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या भेगा. खाली माझ्याच हाताने सारलेल्या चार पट्ट्या, करपून तपकिरी झालेल्या. माझी पाचावर धारण बसली. स्क्रू ड्रायव्हर घातला आणि रिंग उचकटली. हातात तिचे तीन तुकडे आले. विचार करून उचकटली, हेही सांगतो. मॅनेजर यायच्या आत काढली. एकदा रिंगच नाही म्हटल्यावर 'चालशे' म्हणायला जागाच उरत नाही.

मॅनेजर आलाच. लग्नसराईचा माल होता, साड्यांचे ढीग लागले होते. "मशीन केम बंध छे?"

"रिंग गेली, साहेब."

"आजनो दिवस चलावी लो ने. चालशे."

"कशावर चालवू? ही बघा." मी तुकडे पुढे केले. त्याने एक हातात घेतला, अविश्वासाने वाकवला, आणि त्याच्या हातात त्याचे दोन झाले. तो माणूस वाईट नाही. त्या तुकड्यांकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज खाली आला. विचारलं, हे आधी कुणाच्या लक्षात आलं होतं?

इथे मला खोटं बोलता आलं असतं. 'माझ्याच, साहेब, आत्ताच' एवढंच म्हणायचं होतं. फिटरची मान वर, जावयाची अब्रू शाबूत. सगळे ऑपरेटर जमले होते, त्यातले निम्मे आमच्याच तालुक्यातले. मी म्हणालो, "याच्या. हा चार महिने सांगतोय. मी ऐकलं नाही. मी याची थट्टा करत बसलो."

कुणी हसलं नाही. मेहुणा जमिनीकडे बघत उभा होता, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मॅनेजर म्हणाला, स्टोअरमध्ये या मापाची नाही, शेजारच्या सचिन गावात मिळेल, दोघं जा आणि घेऊन या. मशीन तोवर बंद.

मग आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवर सचिनला गेलो. काय सांगू तो दिवस! कामाच्या दिवशी भर दुपारी असं मोकळं मी किती वर्षांत फिरलो नव्हतो. सचिनच्या दुकानात हवी ती रिंग मिळाली, काळीभोर, लुसलुशीत, नव्या टायरसारखा वास येणारी. आता ही एवढी मोठी रिंग मोटारसायकलवर न्यायची कशी? दुमडली तर बिघडायची. शेवटी मेहुण्याने ती गळ्यात घातली. खांद्यांवरून खाली मांडीपर्यंत आली. सिग्नलला थांबलो तर शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "कौन सा इलेक्शन जीत के आ रहे हो भैया?" मेहुण्याने दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार केला, मग पलीकडच्या टेम्पोला, मग एका सिटी बसला. बसमधल्या बायका खिडकीतून हसायला लागल्या. मी पुढे बसून इतका हसत होतो की गाडी हलत होती.

भेस्तानला चहाला थांबलो. तो रिंग गळ्यात घालूनच बाकड्यावर बसला, खाली ठेवली तर धूळ लागेल म्हणून. मला माफी मागायची होती. फटकळ तोंडाचं असंच असतं, शिवी लगेच सुटते, माफी घशात अडकते. मग मी उठलो आणि सरळ वाकून त्याच्या पायांना हात लावला.

तो असा उडाला की अर्धा चहा माझ्या डोक्यावर. "दाजी! काय करी ऱ्हायनात! मले पाप लागी! लोकं दखी ऱ्हायनात!" लोक बघतच होते. गळ्यात रबराची माळ घातलेल्या माणसाच्या पाया पडणारा दुसरा माणूस त्यांनी कुठे पाहिला असणार?

"पाप लागू दे. चार महिने मी ऐकलं नाही. काही झालं असतं तर तुझ्या बहिणीला मी कुठलं तोंड दाखवलं असतं?" डोक्यावरचा चहा पुसायचंही मला सुचलं नाही. डोळे भरून आले होते, ते चहाच्या नावावर खपून गेलं.

जरा वेळाने मी विचारलं, "एक सांग. एवढी भीती वाटत होती तर ते मशीन सोडलं का नाहीस? दुसरीकडे बदली मागायची. निदान सुट्टी तरी टाकायची."

त्याने उरलेला चहा बशीत ओतला. मग म्हणाला, "मी गयतू तर त्या झाकणसमोर कोन्ही दुसरा उभा ऱ्हायता ना, दाजी. त्याले तर माहीतबी नही की रिंग खराब शे."

मी हातातला कप खाली ठेवला.

"त्या दोन्हीसले मी झाकण उघाडाना टाईमले चहा पेवाले धाडी देस. एकलाच उघाडस. तोंड बाजूले करीसन."

त्याच्या हाताखाली दोन माणसं होती, एक वऱ्हाडातला, एक ओडिशाचा. झाकण उघडायची वेळ आली की त्या दोघांना चहाला पाठवायचं आणि आपण एकट्याने तोंड फिरवून झाकण उघडायचं. दिवसातून तीनदा, चार महिने. ज्याला मी भर मिलमध्ये भित्रा म्हणून हसत होतो, तो हे करत होता. मला त्याला मिठी मारायची होती, पण मध्ये ती रिंग होती, त्यामुळे मिठी नीट जमली नाही. आम्ही दोघेही त्यावर हसलो आणि मग दोघेही थोडं रडलो.

संध्याकाळपर्यंत नवी रिंग बसवली. बसवण्याआधी झाकण घासून काढलं, कुंकवासकट. स्टोअरवाला म्हणाला, देवाचा टिळा पुसता? मी म्हणालो, देवाला चेहरा धुतलेला आवडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला माल लागला तेव्हा मीही झाकणासमोर मेहुण्याच्या शेजारी उभा राहिलो. वाफेचा टिपूस नाही. झाकण उघडताना कुणी चहाला गेलं नाही. चौघं एकत्र उभे होतो आणि आतून गुलाबी साड्या बाहेर आल्या, लग्नातल्या. काय तो रंग! आम्ही नुसते दात काढून एकमेकांकडे बघत होतो.

घरी सगळं सांगितलं तेव्हा बायको आधी भावासाठी रडली, मग माझ्याकडे वळली. "आठवडाभर अमेरिकेला शिव्या देत होतात! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण." मी मान खाली घालून दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. दुसरं करणार काय?

मुलीच्या भाषणाला आम्ही सगळे गेलो. प्रयोगासाठी तिने आमच्या तुटलेल्या रिंगचा तुकडा नेला होता. बर्फाची गरजच पडली नाही. बोटांनी दाबला आणि सभागृहात कट्‌ असा आवाज आला. तिला दुसरा नंबर मिळाला. पहिला का नाही मिळाला म्हणून मी बाईंशी भांडायला निघालो होतो, बायकोने शर्ट धरून खाली बसवलं. भाषणाच्या शेवटी ती म्हणाली होती की त्या यानांच्या बाबतीत बोलणारी माणसं होती, ऐकणारी नव्हती. ते ऐकताना मेहुण्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. अजूनही आमच्या घरी कुणी विचारतं, एवढं काय झालं होतं हो? आणि मला सांगावं लागतं की काही झालं नाही, म्हणून तर तो आज माझ्या शेजारी बसून पुरणपोळी हाणतोय.

आता त्याने "दाजी" म्हणून हाक मारली की मी हातातलं काम आधी खाली ठेवतो आणि त्याच्याकडे वळतो. दहातून नऊ वेळा तो म्हणतो, "काही नाही दाजी, भूक लागली." तरीही ठेवतो.